आधी सांधे बघा, मग फरशी

सोलापूर दोन दगडांच्या मधे वसलं आहे. शहराखाली आहे तो काळा दगड, बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हाचा. रेल्वेने अक्कलकोट रोड, दुधनी, कलबुर्गी मागे टाकत दीडशे किलोमीटरच्या आत शहाबादला पोचलं, की हा काळा थर संपलेला असतो आणि त्याच्याखालची, त्याहून कितीतरी जुनी चुनखडी जमिनीवर उघडी पडलेली असते. ती म्हणजे आपली शहाबादी फरशी. उथळ समुद्राच्या तळाशी गाळ थरावर थर बसत गेला, म्हणून ती खाणीतून निघतानाच सपाट निघते. पहार घालून थर उचकटला की चालण्याजोगी फरशी हाती येते. 1860 साली रेल्वे सोलापुरात आली आणि 1871 मध्ये ती पुढे रायचूरला मद्रासकडच्या रेल्वेला जाऊन मिळाली. शहाबाद याच मार्गावर. मग ही जड फरशी दूरवर जाऊ लागली. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या व्हरांड्यांत, स्टेशनांच्या फलाटांवर आणि पुढे एसटी स्टँडांवर तीच बसली.

काळा दगड ठोकळ्यात निघतो, शहाबादी थरात. घरासमोरची फरसबंदी ठरवताना सोलापूरकराला हे दोन्ही हाताशी असतात आणि दोघांचा स्वभाव निराळा आहे. कोणता दगड कोणत्या मांडणीला राजी होतो हे कळलं, की निम्मा प्रश्न सुटतो.

मी स्थापत्य अभियंता आहे. नवी पेठेत एका कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर माझं ऑफिस आहे आणि मोठ्या इमारतींपेक्षा घराभोवतीची कामं मी मुद्दाम घेते: फाटकापासून पोर्चपर्यंतचा मोटारीचा रस्ता, मागचं अंगण, बागेतली पायवाट. ही कामं लहान समजली जातात. घर बांधून होतं, पैसे संपत येतात, वास्तुशांतीची तारीख ठरलेली असते आणि अंगण शेवटच्या आठवड्यात कसंबसं उरकलं जातं. पण घरातली माणसं रोज सकाळी सगळ्यात आधी पाय ठेवतात तो त्याच फरशीवर. म्हातारी माणसं घसरतात तीही तिथेच. म्हणून या कामाविषयी मला मनापासून लिहायचं आहे.

लोक येतात तेव्हा फोनमध्ये फोटो असतो. कुठल्यातरी बंगल्याचं अंगण, पंख्यासारखी उलगडत गेलेली फरशी. ‘‘मॅडम, अशीच पाहिजे.’’ फोटोत दगड दिसतो, रंग दिसतो. मी त्यांना त्याच फोटोत दगड सोडून दगडांमधल्या रेषा बघायला सांगते. नक्षी म्हणून जे आपल्याला आवडलेलं असतं, ते खरं तर त्या रेषांचं जाळं असतं. त्या रेषा म्हणजे सांधे, आणि फरसबंदी बिघडते तीही सांध्यातच. दगड सहसा फुटत नाही; सांधा उघडतो, सरकतो, त्यात पाणी शिरतं, मग दगड हलायला लागतो. तेव्हा नक्षी निवडणं म्हणजे सांधे कुठे येणार आणि ते कोणत्या दिशेने धावणार, हे निवडणं.

माझ्या खालच्या दुकानात मीटरने कापड मोजलं की माणूस कात्रीने काठाला बोटभर छेद देतो आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडतो. कापड सरळ फाटतं, कारण धागा सरळ जातो. कापडाला ती वाट आधीच आखून दिलेली असते. चौकोनी फरश्या चारी बाजूंनी एकाखाली एक, एकाशेजारी एक अशा बसवल्या, तर सांध्यांची तशीच सरळ वाट तयार होते, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. त्यावर मोटारीचं चाक आलं, ब्रेक लागला, की सबंध ओळ त्या वाटेने सरकू पाहते. ही चौकटी मांडणी दिसायला शांत आणि नेटकी असते, बसायच्या अंगणात शोभतेही. पण जिथे चाक फिरणार तिथे मी ती बसवत नाही.

आपल्या गवंड्यांना याचं उत्तर भिंतीतून माहीत आहे. सांध्याच्या डोक्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, तो मोडायचा. जमिनीवरही तेच करता येतं: एका ओळीतल्या सांध्यासमोर पुढच्या ओळीतल्या दगडाचं पोट यायला हवं. मात्र या मांडणीत एका दिशेचे सांधे मोडतात, दुसऱ्या दिशेच्या ओळी सरळच राहतात. म्हणून त्या सलग ओळी मोटारीच्या वाटेला आडव्या हव्यात, म्हणजे चाक पुढे ढकलतं तेव्हा मोडलेले सांधे त्याला तोंड देतात. कित्येक ठिकाणी मी ओळी फाटकापासून पोर्चकडे उभ्या धावताना बघते. त्या लांबून छान दिसतात, रस्ता लांबलचक वाटतो, पण चाकांच्या पट्ट्यांत त्यांची चाल हळूहळू वाकडी होते.

दोन्ही दिशांच्या वाटा बंद करायच्या असतील तर हेरिंगबोन. लांबट ठोकळे एकमेकांना काटकोनात बसवायचे, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पोटाला टेकवायचं, असं करत सबंध जागा भरायची. यात कुठल्याही दिशेने गेलात तरी दोन-तीन ठोकळ्यांत सांधा अडतो. एका ठोकळ्यावर आलेला जोर आजूबाजूच्या पाच-सहा ठोकळ्यांत वाटला जातो. रोमन लोक विटा अशा बसवत. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये भाजलेल्या विटांच्या जागी काँक्रीटचे ठोकळे आले आणि तिथून ही विद्या पेव्हर ब्लॉकच्या रूपाने जगभर गेली. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसने अशा ठोकळ्यांच्या रस्त्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली आहे आणि जड वाहतुकीला हेरिंगबोनच घ्यावं हा या क्षेत्रातला रूढ सल्ला आहे. घरच्या मोटारीला एवढा विचार कशाला, असं वाटेल. पण घरचीच मोटार फाटकात उभ्या जागी स्टिअरिंग फिरवते. चाक न पुढे जाता जागच्या जागी वळतं तेव्हा फरशीला जो पीळ पडतो, तो सरळ धावणाऱ्या ट्रकनेही पडत नाही. म्हणून सगळा रस्ता परवडत नसेल तर निदान फाटकाच्या आतली आणि पोर्चसमोरची वळायची जागा हेरिंगबोनमध्ये करा, मधला भाग साध्या मोडत्या सांध्यात चालेल. दोन्हींच्या मधे आडवी एक पट्टी टाकली की ते मुद्दाम केल्यासारखं सुरेख दिसतं.

यासाठी ठोकळा लांबीच्या निम्म्या रुंदीचा लागतो: आठ बाय चार इंच, बारा बाय सहा. मशीनने कापलेला काळा दगड या मापात उत्तम. शहाबादीही कापून मिळते, पण मोटारीखाली तिची जाडी बघून घ्या. दोन फूट बाय दोन फूट, सव्वा इंच जाडीची सुंदर फरशी चाकाखाली तुटते, कारण तिच्या पोटाखाली कुठेतरी पोकळी राहिलेली असते आणि ती वाकते. दगड दाबाला भक्कम आणि वाकण्याला कच्चा. जाडी दुप्पट केली तर वाकून तुटण्याविरुद्धची ताकद चौपट होते, आणि लांबी कमी केली की वाकायला जागाच राहत नाही. म्हणून मोटारीखाली लहान आणि जाड, पायाखाली मोठी आणि पातळ, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. काँक्रीटचे ब्लॉक घेणार असाल तर पायवाटेला 60 मिलिमीटर आणि मोटारीला 80.

आता जमिनीकडे येते, कारण सोलापुरात खरं काम तिथे आहे. आपली काळी माती. पावसात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही, पण शहरातल्या प्लॉटवर घर बांधणारे ते विसरतात. शहराच्या वाढत्या कडेला एका घरी मला बोलावलं होतं. आधीच्या कंत्राटदाराने काळ्या मातीवर वीतभर मुरूम टाकून, सिमेंटमध्ये पक्की फरशी बसवली होती, सांधेही सिमेंटने भरलेले. पहिल्या उन्हाळ्यात मधोमध तडा, दुसऱ्या पावसाळ्यात कडा वर आलेल्या. मालकीणबाई म्हणाल्या, ‘‘एवढं सिमेंट घातलं, तरी असं कसं?’’ कारण सिमेंटच होतं. खालची जमीन दर वर्षी हलणार असेल तर वरचं सगळं एकसंध करून चालत नाही. ते वाकू शकत नाही, मग तुटतं. अशा जमिनीवर मी ठोकळे सिमेंटशिवाय, बारीक कचेच्या थरावर बसवते आणि सांधे कोरड्या वाळूने भरते. जमीन जराशी हलली तर सांधे तेवढी सूट देतात. एखादा भाग बसलाच, तर ठोकळे उचलून, कच सारखी करून तेच पुन्हा बसवता येतात, एकही फेकावा लागत नाही.

पण त्याआधी खोदाई. मोटारीच्या रस्त्याखालची काळी माती निदान दीड-दोन फूट काढून टाकायची, जमलं तर मुरूम लागेपर्यंत. मग चांगला मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात, प्रत्येक थर पाणी मारून रोलरने किंवा धुमसाने दाबून. एकदम दोन फूट भरून वरून रोलर फिरवणं म्हणजे काहीच न करणं, कारण दाब खालपर्यंत पोचत नाही. त्यावर खडीचा थर, तोही दाबलेला. त्यावर इंच-सव्वा इंच कच. मग दगड. आमचे जुने मेस्त्री प्रत्येक थरानंतर टाच रोवून बघतात. ‘‘अक्का, टाच शिरली की काम राहिलं,’’ असं म्हणतात, आणि ते म्हणेपर्यंत मी पुढचा थर टाकू देत नाही.

जमिनीखाली काय आहे ते वर येतंच, याचं मोठं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच घडलं. 2024 मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात संवर्धनाचं काम चाललं होतं. नंतरच्या काळात चढवलेलं ग्रॅनाइट काढून मूळ काळा दगड मोकळा केला जात होता. त्या वेळी हनुमान दरवाजाजवळ फरशीखाली पोकळी असल्याचं लक्षात आलं. उघडून पाहिलं तर तळघर, आणि त्यात जुन्या मूर्ती. आपल्या अंगणाखाली मूर्ती निघणार नाहीत, पण बुजवलेला आड, जुना शोषखड्डा, नळासाठी खणून घाईने भरलेला चर हे सगळं असू शकतं. जुन्या पेठांतल्या घरांत तर हमखास. फरशी टाकण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला एकदा अंगणात उभं करून विचारा, इथे पूर्वी काय होतं.

पाण्याचा विचार याच वेळी करायचा. सोलापुरात पाऊस बेताचा, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, परतीच्या पावसाचा; पडतो तेव्हा तासाभरात अंगण भरतं. दर दहा फुटांना दोन ते अडीच इंच ढाळ द्यावा, घराकडून बाहेर. शहाबादी खडबडीत असेल तर ढाळ थोडा जास्त, कारण पाणी खळग्यांत अडतं. वाळूच्या सांध्यांतून बरंच पाणी जमिनीत मुरतं, आणि ज्या शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं तिथे ते मुरायलाच हवं. मात्र एक ठिकाण सोडून. घराच्या जोत्यालगतचा तीन फुटांचा पट्टा मी पक्का करते, सांधे सिमेंटचे, ढाळ बाहेर. हा पट्टा अरुंद असल्याने दर पाच-सहा फुटांवर एक फट मोकळी सोडून ती डांबरी मसाल्याने भरली की तडे आवरतात. पाया काळ्या मातीवर असेल तर त्याच्या शेजारी पाणी मुरवणं धोक्याचं. मुरवायचं ते लांब, कंपाउंडकडे किंवा बोअरच्या बाजूच्या खड्ड्यात. म्हणजे एकाच अंगणात दोन तऱ्हेचे सांधे आले. ते लपवायचे कशाला? जोत्याच्या पट्ट्याला वेगळा दगड द्या, उदाहरणार्थ काळा. त्या गडद पट्टीने घराच्या भिंतीला छान पाया मिळाल्यासारखा दिसतो.

मागच्या अंगणात मोटार येत नाही. तिथे शहाबादीचं राज्य, आणि तिथे ती कशी बसवावी हे तिनेच सांगितलं आहे. हाताने फोडलेल्या फरशीची रुंदी गवंडी सारखी करू शकतो, लांबी मात्र जशी निघेल तशी. म्हणून जुन्या घरांच्या चौकांत, ओसऱ्यांवर सारख्या रुंदीचे पट्टे आणि त्यांत कमी-अधिक लांबीच्या फरश्या दिसतात. कुणी बसून कागदावर काढलेली ही नक्षी नाही. कमीत कमी दगड वाया जावा आणि सांधा समोरासमोर येऊ नये, एवढ्याच दोन गोष्टींतून ती जन्मली. मला सगळ्या नक्षींत ही सर्वात आवडते. ती डोळ्याला खेचत नाही. वाळवणं घाला, रांगोळी काढा, लग्नाचा मांडव घाला, ती प्रत्येक गोष्टीला मागे उभी राहून जागा देते. पट्ट्यांच्या रुंदी दोन किंवा तीन ठेवाव्यात, फूटभर, सव्वा फूट, दीड फूट, आणि आलटून पालटून याव्यात. अंगण अरुंद आणि लांब असेल तर पट्टे आडवे घाला, त्याने ते रुंद भासतं.

चार मापांच्या चौकोनी-आयताकृती फरश्या गुंफून केलेली मांडणीही आता लोक मागतात. ती चांगली होते, पण तिचा कागदावर नकाशा लागतो आणि एकूण एक फरशी काटकोनात कापलेली लागते. गवंड्याला नकाशा न देता ‘मिसळून बसवा’ सांगितलं तर लहान फरश्या सगळ्या एका कोपऱ्यात जमतात.

तुटक्या फरशीची आडवीतिडवी मांडणी स्वस्त म्हणून निवडली जाते. माल स्वस्त पडतो हे खरं, मजुरी मात्र वाढते, कारण प्रत्येक तुकडा हातात घेऊन, फिरवून, टाकी मारून शेजाऱ्याशी जुळवायचा असतो. चांगली जमली तर तिच्याइतकी जिवंत फरशी दुसरी नाही. ती बघायची कशी, ते सांगते. एका बिंदूत तीनच सांधे मिळावेत, चार आले की तिथे फुली दिसते आणि ती जागा कच्चीही राहते. कुठलाही सांधा तीन-चार तुकड्यांहून पुढे सरळ धावू नये. टोकदार त्रिकोणी तुकडा टाळावा, त्याचं टोक तुटतंच. मोठे तुकडे कडेला, लहान मधे, कारण कडेचा तुकडा लहान असेल तर पहिला तोच निखळतो. आणि सांध्याची रुंदी सारखी हवी, अर्धा-पाऊण इंच. दोन-दोन इंचांचे सिमेंटचे ओघळ दिसायला लागले, तर ती फरशी नव्हे, सिमेंटमध्ये पडलेले दगड.

तुळशीवृंदावनाभोवती गोल हवा असतो. गोलाला लहान दगड घ्या, चार-चार इंचांचे. मोठी फरशी वर्तुळात बसवली की सांधे आतून बंद आणि बाहेरून फाकलेले राहतात. चार-पाच कडी झाली की थांबावं आणि कडेला एक भक्कम चौकट करून बाकीच्या अंगणाशी जोडावं.

उन्हाबद्दल बोलायलाच हवं. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशीच्या पुढे असतो. काळा कडप्पा किंवा काळा दगड दुपारी इतका तापतो की अनवाणी पाऊल टेकवत नाही. मंदिरांत उन्हाळ्यात वाटेवर तागाच्या पट्ट्या अंथरतात किंवा पांढरा रंग देतात तो म्हणूनच. ज्या अंगणात मुलं खेळणार, बायका वाळवणं घालणार, तिथे फिकट करडी शहाबादी किंवा पिवळसर तांडूर घ्यावी. काळा दगड मोटारीच्या रस्त्याला आणि पट्ट्यांना ठेवावा. पॉलिश कशालाही नको. उघड्यावरची पॉलिश केलेली फरशी पहिल्या पावसात धोकादायक होते. खाणीतून आलेला तिचा मूळचा खडबडीत पृष्ठभाग हीच तिची सुरक्षितता आहे, आणि तोच दिसायलाही देखणा आहे.

शहाबादी, तांडूर, कडप्पा, कोटा ही सगळी चुनखडीची भावंडं आहेत आणि आम्ल हा त्या सगळ्यांचा वैरी. काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला मजूर ॲसिड ओततात, तेव्हा मी तिथे उभी असेन तर बाटली काढून घेते. ॲसिड डागाबरोबर दगडाचा वरचा थरही खातं, मग फरशी फिकी, भुकटीसारखी दिसते आणि मळ लवकर धरते. सिमेंट ओलं असतानाच पोत्याने आणि भरपूर पाण्याने पुसलं तर ही वेळ येत नाही. चिंच-लिंबाचे डागही त्याच दिवशी धुवावेत. काळ्या दगडाला यातलं फारसं काही बाधत नाही.

आपल्या दोन दगडांना एकत्र आणण्याबद्दल थोडं. काळा बेसॉल्ट आणि फिकट चुनखडी ही जोडी पोर्तुगालमधल्या लिस्बन शहरालाही लाभली आहे. तिथे रोसियू चौकात 1848-49 मध्ये या दोन दगडांच्या लहान लहान तुकड्यांनी लाटांची फरसबंदी केली. पुढे तशाच लाटा ब्राझीलमध्ये कोपाकबानाच्या किनाऱ्यावर गेल्या. मी ती फोटोतच पाहिली आहे आणि प्रत्येक वेळी वाटतं, हे दगड तर आपल्या दाराशी आहेत. घडवणारे हातही आहेत, आपल्या वडार आणि पाथरवट कारागिरांचे, ज्यांनी देवळं आणि घाट बांधले. त्यांना आपण आता खडी फोडायला आणि पाट्यावरवंट्याला टाकी लावायला ठेवलं आहे. सगळं अंगण लाटांचं करायची गरज नाही. करड्या शहाबादीत काळ्या दगडाची चार इंची किनार, फाटकाशी एखादं कमळ किंवा चौफुला, एवढं काम मागितलं तरी एका माणसाची कला पुढच्या पिढीत जाईल. लिस्बनच्या लोकांची एक तक्रार मात्र ध्यानात ठेवा: वर्षानुवर्षांच्या पायांनी ते दगड गुळगुळीत होतात आणि पावसात निसरडे होतात. म्हणून अशी नक्षी कडेला, जिथे वर्दळ कमी तिथे.

पायवाट ही शेवटची आणि सर्वात सोपी. दोन माणसं शेजारी चालणार असतील तर चार फूट, एकट्यासाठी अडीच. हिरवळीत सुट्या फरश्या टाकायच्या असतील तर आधी चालून बघा. घरातली आजी चालेल, तिच्या पावलाच्या मापाने अंतर ठेवा, तरुण मुलाच्या नाही. मोडत्या सांध्याच्या ओळी पायवाटेला आडव्या घातल्या तर चाल आपोआप सावकाश होते, उभ्या घातल्या तर वाट माणसाला पुढे नेते. देवघराकडे, बागेकडे जाणाऱ्या वाटेला मी आडव्या घालते. वाट झाडाजवळून जात असेल तर कडुनिंबाच्या बुंध्याभोवती निदान चार फूट जागा उघडी सोडा. मुळं फरशी उचलतात आणि तेव्हा दोष झाडाला दिला जातो.

या सगळ्यांत एक भाग असा आहे जो कुणाच्या फोटोत दिसत नाही, तो म्हणजे कड. वाळूत बसवलेल्या ठोकळ्यांना चारी बाजूंनी भक्कम कडेचा दगड लागतो, काँक्रीटमध्ये रोवलेला. तो नसेल तर उत्तम हेरिंगबोनसुद्धा बाहेर सरकत जातं आणि सांधे उघडतात. कंत्राटात ही ओळ स्वतंत्र लिहून घ्या: कडेचा दगड, त्याची खोली, त्याखालचं काँक्रीट.

मालाचा हिशेब नक्षीनुसार बदलतो. सरळ मांडणीत शंभर चौरस फुटांना पाच फूट जास्तीचे धरले तर भागतं. तिरकी मांडणी किंवा पंचेचाळीस अंशांतलं हेरिंगबोन असेल तर दहा ते पंधरा, कारण कडेला प्रत्येक ठोकळा तिरका कापावा लागतो. दर विचारताना ‘चौरस फुटाचा भाव काय’ एवढंच विचारू नका. खोदाई, मुरूम, दाबाई, कड आणि कापाकापी त्यात आहे का, ते विचारा. स्वस्त बोली बहुतेक वेळा खोदाईत स्वस्त असते.

आणि बसवण्याआधी दहा फूट बाय दहा फूट जागेत फरशी नुसती मांडून बघा, कचेशिवाय, सिमेंटशिवाय. घरातल्या सगळ्यांना त्यावरून चालू द्या. सकाळच्या तिरप्या उन्हात बघा, दुपारी बघा, पाणी ओतून बघा. शहाबादीचा रंग खाणीतल्या थरागणिक बदलतो, निळसर, करडा, मधेच तपकिरी. दोन-तीन ढिगांतल्या फरश्या मिसळून मांडल्या तर तो फरक शोभतो, एकेक ढीग संपवत गेलं तर अंगणात रंगाचे पट्टे उठतात. मेस्त्रींना हे सांगावं लागत नाही, पण घाई असली की त्यांच्याही हातून राहून जातं, म्हणून मी पहिल्या दिवशी स्वतः ढीग मिसळून घेते.

वाळूच्या सांध्यांना पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा वाळू द्यावी लागते. सप्टेंबर सरला, दिवाळीची झाडलोट सुरू झाली की बारीक कोरडी वाळू पसरून कुंच्याने सांध्यांत लोटायची आणि उरलेली झाडून घ्यायची. एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम. नंतर दोन-तीन वर्षांतून एकदा पुरतं. त्याच लॉटमधल्या दहा-पंधरा फरश्या जास्तीच्या घेऊन जिन्याखाली उभ्या करून ठेवा, आडव्या नाही, आडव्या एकावर एक ठेवल्या की खालच्या तडकतात. नळवाला किंवा केबलवाला उद्या अंगण खणायला आला तर त्याला ठोकळे आधी क्रमाने उचलून बाजूला लावायला सांगा, मग खणू द्या.